लाल ठिपक्याची शेपूट

सौदीतल्या जुबैलच्या त्या दुकानात मी बावीस वर्षं रायफलींचे स्कोप, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणी, विकले. शेवटच्या आठवड्यात मालक अलीने माझ्यापुढे एक अरबी कागद सरकवला. 'माझ्या हलगर्जीपणामुळे स्कोप बिघडला. इसहाक, विक्रेता.' खाली सहीला जागा. सही केली की माझा खुरूज, म्हणजे कायमचं घरी जायची परवानगी, तो मोबाईलवरून लगेच देणार होता. नाही केली तर बसा वाट बघत.

खुर्ची जाणार हे ठाऊक होतं. २०१८ साल होतं. एकामागून एक दुकानांत विक्रीला सौदीच हवेत असे नियम येत होते, आमचीही पाळी आली. त्यांचा देश, त्यांची खुर्ची. पण जाता जाता खोटा ठपका माझ्या माथी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तक्रार एका निवृत्त कॅप्टनची होती. क्लबात लोखंडी पाट्यांवर नेम धरणारा माणूस, आपली नजर ससाण्याची म्हणून मिरवणारा. त्याला एक-ते-सहाचा, म्हणजे एकपट ते सहापट मोठं दाखवणारा, स्कोप मीच सुचवला होता. त्याच्या काचेत नेमाची फुली असते, तिच्या मधोमध लाल ठिपका पेटतो, जवळच्या पाटीवर नजर झटकन बसते. आठ दिवसांत कॅप्टन परत आला. म्हणाला, ठिपका गोल दिसतच नाही, त्याला शेपूट फुटते, स्कोप खराब आहे. अलीने स्कोप स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिला, खाली ठेवला आणि आतल्या खोलीत गेला. तो कागद तिथूनच लिहून आला.

मी घरी दापोलीला फोन लावला. माझी बायको रईसा वैतागली.

"करून टाका सही नि या. इकडं कोण वाचतंय तुमचा अरबी कागद?"

"मी वाचतोय ना!"

"तुमचा ताठा काय जायचा नाय," म्हणाली आणि फोन ठेवला. बरोबर होतं तिचं. चार वर्षं मला पाहिलं नव्हतं तिने. मलाही घर डोळ्यांपुढे दिसत होतं. तरीही सही करायला हात उचलेना.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन माफीचा कागद न्यायला आला. मी कागद सही न करताच टेबलावर ठेवला. त्याच्याशेजारी तो एक-ते-सहा ठेवला आणि कपाटातून एक-ते-आठ काढून त्याच्या बाजूला मांडला.

"सही?" अलीने विचारलं.

"आधी कॅप्टननी एकदा बघायचं."

अरबीत तू-तुम्ही नसतं, सगळ्यांना एकाच मापाने बोलायचं असतं, ते एक बरं आहे; 'तुम्ही' मी मराठीत सांगताना घालतोय. मी ठिपका पेटवला. कॅप्टनला स्कोप हातात धरून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायला सांगितलं.

"शेपूट कुठे आहे?"

"खाली, उजवीकडे."

"आता मान हलवू नका. स्कोप हळूहळू फिरवा. शेपूट फिरते?"

त्याने फिरवला. अर्धा, मग पुरा. "नाही. तिथेच आहे."

"आता स्कोप स्थिर धरा आणि मान तिरकी करा."

त्याने मान तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. "फिरली," म्हणाला.

"काचेत दोष असता तर शेपूट स्कोपबरोबर फिरली असती. ती तुमच्या मानेबरोबर फिरते. दोष तुमच्या डोळ्यात आहे. साधा आडवा नंबर, सिलिंडरचा, चष्म्याने जाईल."

ससाण्याच्या नजरेच्या माणसाला असं तोंडावर कुणी सांगितलं नसेल. अली ओरडला, "खलास! पुरे झालं! आत जा!"

"जातो. पण अली, काल तूही यातून पाहिलंस. तुला शेपूट दिसली?"

अली टेबलावरचा कागद सारखा करू लागला.

कॅप्टन त्याच्याकडे वळला. "दिसली का?"

"नाही," अली पुटपुटला. "गोल होता."

म्हणजे काल डोळा लावला तेव्हाच त्याला कळलं होतं. कॅप्टनला दुखवायची हिंमत नव्हती, म्हणून बळी द्यायला त्याला मी सापडलो.

कॅप्टनने दुसरा स्कोप उचलून पाहिला. त्यात मध्ये घोड्याच्या नालासारखी जाड काळी कमान असते, दिवा न लावताही दिसते, म्हणजे उजेडाला शेपूट फुटायचा प्रश्नच नाही. "ही स्वच्छ दिसते," तो म्हणाला. "मग कुठला घेऊ?"

"विक्रीची खुर्ची आता माझी नाही," मी म्हणालो. "मालकाला विचारा."

अलीने दोन्ही हातांत दोन स्कोप घेतले. "हा घ्या. आठ सहापेक्षा मोठा."

"तेवढं मलाही मोजता येतं," कॅप्टन म्हणाला. "आतल्या खुणांत फरक काय?"

अली माझ्याकडे बघायला लागला. मी हाताची घडी घातली. बावीस वर्षांत प्रथमच गिऱ्हाईक समोर असताना मी गप्प राहिलो, आणि मला फार बरं वाटलं.

"काय हवंय तुला?" अलीने विचारलं.

मी तोच कागद उलटा करून त्याच्यापुढे सरकवला. "लिही. स्कोप चांगला होता, इसहाकची चूक नव्हती. खाली तुझी सही. आणि माझा खुरूज."

त्याने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने खिशातून स्वतःचं पेन काढून त्याला दिलं.

सही झाली. माझ्या मोबाईलवर खुरूजचा मेसेज वाजला. मगच मी कॅप्टनला समजावलं: एक-ते-सहातली फुली कितीही मोठं करून पाहिलं तरी तेवढीच राहते, म्हणून फुलीखालच्या, लांबच्या नेमासाठीच्या खुणा फक्त सहावरच खऱ्या. एक-ते-आठमध्ये फुलीही चित्राबरोबर वाढते, खुणा कुठेही खऱ्या. पण एकवर त्या इतक्या बारीक होतात की फक्त कमान उरते. तुम्हाला जवळच्या पाटीला तेवढी पुरे. आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

घरी पोचलो तेव्हा रईसाने बॅग उपसताना तो कागद बाहेर काढला. उलटसुलट करून पाहिला.

"आता हा कोण वाचणार?"

मी तिला समोर बसवलं आणि उलटी बाजू मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा.