केकचा तुकडा आणि डोळ्याचा पडदा

रंगाच्या कारखान्यात छटा जुळवणाऱ्या शेडवाल्याची तब्येत ठणठणीत असल्याची ख्याती होती, आणि ती त्याने केक खाऊन कमावली होती. कुणाचाही वाढदिवस असला की मालक स्वतःच्या हाताने सगळ्यांना केक भरवत. एकदा डिस्पॅचवाल्याने "मला डायबिटीस आहे" म्हणून तोंड फिरवलं, तर मालकांनी काळजीपोटी त्याला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. काळजी एवढी, की ओव्हरटाइमही बंद केला.

शेडवाल्याला मधुमेह त्याच्याही आधीपासून होता. पण शेड जुळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता आणि ती खुर्ची त्याला सोडायची नव्हती. म्हणून तो केकचा मोठा तुकडा मागून घ्यायचा आणि संध्याकाळी घाण्याच्या बैलासारखा घराभोवती फेऱ्या मारायचा. या तपश्चर्येचं फळ म्हणून मालकांनी त्याला 'आरोग्यदूत' नेमलं. जिन्यात त्याचा दंड फुगवलेला फोटो लागला.

मग उजव्या डोळ्याने दगा दिला. हस्तिदंती आणि मलई हे दोन पांढरे त्याला सख्खी जुळी भावंडं वाटू लागले.

"साखरेने डोळ्याचा आतला पडदा बिघडवलाय," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनं लगेच सुरू करायला हवीत. नाहीतर रंग विसरा."

खर्च ऐकून त्याच्या चांगल्या डोळ्यापुढेही अंधारी आली.

नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीने ग्रुप पॉलिसी घेतली. एचआरच्या बाईंनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "स्वतःची पॉलिसी घ्याल तर आधीच्या आजारासाठी काही वर्षं थांबावं लागतं. आपल्या पॉलिसीत तो पहिल्या दिवसापासून धरलाय. पण शनिवारपर्यंत सांगायचा. लपवलात, तर क्लेम अडकल्यावर माझ्या नावाने खडे फोडू नका."

"गप बस," मिक्सरवाला कानाशी कुजबुजला. शेडवाल्याचं गुपित कारखान्यात त्या एकट्यालाच माहीत होतं. "आरोग्यदूतच आजारी निघाला तर कसं दिसेल? रेकॉर्ड रूममध्ये दुसरी खुर्ची रिकामीच आहे."

घरी बायकोने वेगळाच हिशोब मांडला. "अहो, तुमची साखर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माहीत नाही ती फक्त पगार देणाऱ्याला. खुर्ची वाचवताय, पण डोळा गेल्यावर त्या खुर्चीत बसून करणार काय? पंखा बघणार?"

शनिवारी तो एचआरच्या केबिनमध्ये शिरला. समोर मालकच बसले होते. मागे फिरावं असं एकदा मनात आलं. पण दार आपोआप बंद होणारं होतं, ते झालं.

"बाई, लिहा. मधुमेह, जुना. उजव्या डोळ्याचा पडदा बिघडलाय."

मालकांनी जिन्याच्या दिशेने पाहिलं, जणू फोटोकडे खुलासा मागत होते. "म्हणजे इतकी वर्षं माझ्या हातचा केक...?"

"नोकरीखातर खाल्ला, साहेब."

"अरे, मग आता तुझी काळजी घ्यायला हवी. रेकॉर्ड रूममध्ये..."

"तिथे बसून डोळा बरा होत नाही, साहेब. इंजेक्शनाने होतो. उपचार घेऊन शेड चुकली, तर मी स्वतः उठून तिकडे जाईन. त्याआधी नाही."

आपला आवाज एवढा चढू शकतो हे त्याला नव्यानेच कळलं. बाईंनी आजार नोंदवलेला कागद मालकांपुढे सरकवला. मोठ्या ऑर्डरचे नमुने टेबलावर पडून होते आणि ते जुळवणारा माणूस समोर उभा होता. मालकांना पाझर फुटला तो माणुसकीचा की ऑर्डरचा, कुणास ठाऊक. सही मात्र झाली, आणि शेडची खुर्चीही राहिली.

इंजेक्शनं झाली, क्लेम मंजूर झाला. पुढच्या वाढदिवसाला मालकांनी सवयीने तुकडा पुढे केला.

"मला डायबिटीस आहे," शेडवाला खणखणीत आवाजात म्हणाला.

त्याने डावा डोळा झाकला आणि उजव्याने केक न्याहाळला.

"साहेब, वरचा गुलाबी आणि कडेचा गुलाबी एका बॅचचे नाहीत."

मालकांनी चष्मा लावून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही.

"मग परत पाठवू?" मिक्सरवाल्याने विचारलं.

"नको, खा तुम्ही," शेडवाला म्हणाला. "तुमच्या डोळ्यांना चालेल."