अहो धुरपताबाई

"अहो धुरपताबाई, आम्हाला खिचडी वाढता का?"

रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या मंजुश्रीने ताट पुढे करून विचारलं आणि धुरपताबाईंचा डाव पातेल्यावरच थबकला. मागच्या शिवांशने तेच म्हटलं. त्याच्या मागच्यानेही तेच. मी व्हरांड्यातून ऐकत होतो आणि खरं सांगायचं तर स्वतःची पाठ थोपटत होतो.

सकाळीच चौथीला 'एकमेकांचा आदर' हा पाठ झाला होता. फळ्यावर दोन रकाने आखून मी विचारलं होतं, गावात कुणाला 'अहो' म्हणतात आणि कुणाला 'अरे-अगं'? सरपंच, डॉक्टर, दुकानदार गुरुबसप्पा पटापट पहिल्या रकान्यात गेले. दुसऱ्यात मुलांनी सगळ्यांत आधी नाव घातलं ते धुरपताबाईंचं. चौदा वर्षं त्या आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. मी फर्मावलं, आजपासून त्यांनाही अहो. मी स्वतः त्यांना 'ए बाई' म्हणून हाक मारतो, हे मुलांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. चाकूर तालुक्यातल्या या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवतोय, पण सकाळचा पाठ दुपारी अमलात आलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शाळा सुटताना धुरपताबाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, उद्यापासून म्या येत न्हाई. दुसरी कुणी बघा."

"का गं बाई? काय झालं?"

"लेकरं परकी झाली. कालपस्तोर 'मावशे, मला जास्त दे' म्हणायची. आज अहो म्हणायलेत. आमच्या गल्लीत बोलनं तोडायचं आसलं की मान्सं अहो म्हनत्यात. माजं काय चुकलं ते तर सांगा."

मला हसू आलं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि ते तिथंच विरलं.

"अगं, आदर आहे तो. मीच शिकवलंय."

"आसंल," त्या म्हणाल्या आणि पदराला हात पुसत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या खऱ्या, पण बोलल्या नाहीत. लेकरं उपाशी राहू नयेत म्हणून आजचा दिवस आले, एवढंच म्हणाल्या. मी चौथीला सांगितलं, आपल्या अहोमुळे मावशी निघाल्या आहेत. मंजुश्रीने हात वर केला. या मुलीला प्रत्येक गोष्टीत 'काहून' लागतं.

"मग आदर म्हंजे काय, गुरुजी?"

मी पुस्तकाचं पान उलटून पाहिलं. तिथं दोन मुलं हात जोडून उभी होती. त्यांच्याकडून काही मदत होईल असं दिसलं नाही.

"जा, त्यांनाच विचार," मी म्हणालो.

ती लगेच पळाली. मलाही राहवेना. शिक्षकाला शोभत नाही, पण मी स्वयंपाकखोलीच्या पत्र्याच्या दाराआड जाऊन उभा राहिलो.

"मावशे, अहो नको तर मग तुला काय पायजे?"

"मला काय पायजे, माय. माज्या हातचं खाल्लं आन् कसं झालं ते तोंडावर सांगितलं की बस."

"गुरुजी लिहितात की वहीत. मीच वाचून दाखवते ना तुला." मंजुश्री पुढे म्हणाली, "पण रोज एकच लिहिलेलं असतंय. गुरुजींना रोज सारखंच लागतंय का गं?"

"लागत आसंल. जा वर्गात."

ती वही म्हणजे चव नोंदवही. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने घासभर खायचं, कशी झाली ते लिहायचं आणि सही करायची. मी वर्षानुवर्षं 'चव उत्तम' लिहीत आलो आणि एकदाही घास तोंडात घातला नाही. विचारलंच कुणी तर सांगायचो, पित्त आहे. पित्त आहेच. पण गुरुबसप्पांकडच्या लग्नात मी तीनदा वाढून घेतो, तेव्हा ते कुठं जातं? धुरपताबाई गावकुसाबाहेर न राहता आमच्या गल्लीत राहत असत्या तर पित्त आडवं आलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनाही माहीत असेल, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही. दाराआड उभा राहून मला स्वतःची लाज वाटली.

मंजुश्री गेल्यावर मी आत गेलो.

"पोरीला खरं का नाही सांगितलंत?"

धुरपताबाईंनी गॅस बारीक केला.

"मागच्या पोळ्याच्या आदल्या दिशी खिचडीत मीठच टाकायचं इसरले, गुरुजी. लेकरांनी तोंडं वाकडी केली. म्हटलं, वहीत काय लिवलंय बगावं. मंजुश्रीनं वाचलं, चव उत्तम." त्या हळूच हसल्या. "तवापासून रोज वाचून घेते. म्हटलं, येखांद्या दिशी तरी बदलंल. आन् लेकरांसमोर तुमाला खाली बगाय लावू का मी?"

मुलांच्या ताटांच्या चळतीतलं वरचं ताट घेतलं आणि सतरंजीवर बसलो. त्यांनी अर्धाच डाव वाढला, तोही माझ्याकडे बघत बघत. मी खाल्लं. मीठ जास्त होतं, चांगलंच जास्त.

वही उघडली आणि पेन सवयीने 'च' काढू लागलं. आज तरी चांगलं लिहावं, असंही मनात आलं. मग तो 'च' खोडला आणि पुढे लिहिलं, 'मीठ जास्त झालं आहे.' खाली सही केली.

धुरपताबाईंनी मंजुश्रीला हाक मारली. तिने वही घेतली, वाचली, घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"मीठ जास्त झालं आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"पुन्यांदा वाच."

तिने पुन्हा वाचलं. धुरपताबाईंनी चार शितं तळहातावर घेऊन चाखली.

"हाव. जास्तच हाय," त्या म्हणाल्या आणि तांब्याभर गरम पाणी पातेल्यात ओतलं. मग आमच्याकडे पाठ करून बराच वेळ ढवळत राहिल्या. खिचडी एवढी ढवळावी लागत नाही.

"उद्या बेतानं टाकते," पाठमोऱ्याच म्हणाल्या.

बाहेर रांग लागली होती. "मावशे, मला जास्त दे," शिवांश ओरडला. माझं पोट भरलेलं नव्हतं. ताट घेऊन मी बाहेर गेलो आणि रांगेत त्याच्या मागे उभा राहिलो.