सुनीलने बिडी ओढली नव्हती

सुनीलचं प्रेत कुडपणला आलं ते खिळे ठोकलेल्या पेटीतून. त्याच्या आईने, बयाबाईने, पेटीवरून हात फिरवत विचारलं, "ह्यात माझाच हाय ना रे, केरू?"

केरूने मान डोलावली. चांदीच्या करगोट्यावरून ओळख त्यानेच पटवली होती. एका वाडीतले दोघे, एकाच जहाजावर खलाशी. मुंबईहून गुजरातच्या बंदरांत रसायनं न्यायची, टाक्या रिकाम्या झाल्या की आत उतरून धुवायच्या. रिकाम्या टाकीत वाफ कोंडून राहते आणि ती भरल्या टाकीपेक्षा वाईट पेटते, हे जहाजावर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आधी पंख्याने हवा खेळवायची, मगच उतरायचं. पण त्या दिवशी नवा माल थांबला होता, पंखे लावायला वेळ नव्हता.

"उतरा रे, काही होत नाही," जहाजावरचे अधिकारी चीफसाहेब म्हणाले.

टाकीत न्यायचा, ठिणगी बाहेर न पडू देणारा बंदिस्त दिवा बिघडलेला. सुनील वायरीला लावलेला साधा बल्ब घेऊन शिडी उतरला. केरू वर तोंडाशी दोर धरून होता. खाली बल्ब फुटल्याचा बारीक आवाज आला, आणि मग टाकीच उसळली. केरू कठड्यावर जाऊन आदळला. त्याचा डावा कान गेला, दोन्ही हात सोलून निघाले.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने त्याला पोलादपुरात हॉटेलात बसवलं. "चौकशीत सांग, तो आत बिडी ओढत होता. तुझी नोकरी पक्की."

केरू घरी परतला, तर बिडीची गोष्ट त्याच्याआधी वाडीत पोचलेली. बयाबाई अंगणात वाट बघत होती.

"खरं सांग. माझ्या पोराने आपल्या हातानं जीव घालवला?"

"नाय, काकी. बिडी नव्हती. त्याला धाडला आत."

केरूची बायको सेजल दारातून ओरडली, "गप ऱ्हावा! घर कसं चालवायचं?"

केरूने चौकशीत हेच सांगितलं. चौकशीच्या साहेबांनी लिहून घेतलं. अहवालात आलं, आगीचं कारण निश्चित नाही. चीफसाहेब दुसऱ्या जहाजावर गेले. केरूला मात्र पुन्हा कुठल्याच जहाजाने घेतलं नाही. तो बिरवाडीला खोली घेऊन एका कारखान्यात पिंपं ढकलू लागला.

बयाबाई मात्र पाणवठ्यावर भेटेल त्या बाईला थांबवून सांगत राहिली, "माझ्या सुनीलने बिडी ओढली नव्हती गो."

बाया हो म्हणत आणि हंडे उचलून चालू लागत.