पाच शब्द आणि एक बगळा

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे, अमेरिकन फुटबॉलचं. जग सरळ बघायचं भाग्य मला फारसं लाभलं नाही, त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा तिखटपणा आला असेल तर सांभाळून घ्या.

माझा जन्म साच्यात झाला. वर कडक कवच, आत मऊ गाद्या, समोर जाळी. कारखान्यातल्या माणसांनी निरोप देताना माझ्या मानेवर एक चिठ्ठी चिकटवली: ‘कवटी सांभाळू. मेंदूची हमी नाही.’ इतकं सरळ बोलणारी माणसं मला पुन्हा भेटली नाहीत. टोलीडो शहरातल्या टीमकडे पोचल्याबरोबर त्या चिठ्ठीवर टीमचा निळा बगळा चिकटवण्यात आला. आमच्या टीमचं नावच हेरन्स, म्हणजे बगळे. धिप्पाड माणसांनी एकमेकांना तुडवायचं आणि नाव घ्यायचं बगळ्याचं. मी काय बोलणार?

मला डोकं मिळालं ते वेंडेल नोविकीचं. वेंडेल स्नॅपर होता. म्हणजे चेंडूला लाथ मारायची वेळ आली की ह्यानं कमरेत वाकून तो दोन पायांमधून मागे भिरकावायचा. मान वर येईपर्यंत समोरचा रेडा अंगावर आलेला असायचा, आणि त्याच्या स्वागताला सगळ्यांत पुढे मी. फेक नीट गेली तर वेंडेलचं नाव कुणी घेत नसे. चुकली की सगळं शहर घेई, सोबत त्याच्या आईचंही.

सामानघरातले ऑर्विलकाका माझे ओरखडे पुसत, गाद्यांत हवा भरत. वेंडेल शकुन म्हणून मला सगळीकडे घेऊन फिरे, त्यावर ते म्हणत, “लेका, बायकोला कधी एवढं मिरवलंस का?”

“बायको डोक्यावर बसते, काका. हे डोक्याला बसतं.”

परीक्षेलाही मी त्याच्या मांडीवर. ही परीक्षा म्हणजे माझ्या वैतागाचं मूळ. हंगामाआधी टीमच्या डॉक्टर लिंडहोम मॅडम प्रत्येक खेळाडूला पाच शब्द ऐकवत आणि थोड्या वेळानं परत विचारत. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तशीच परीक्षा. मार्क घसरले तर घरी बसा. यावर आमच्या वीरांनी काय तोड काढावी? पहिल्यांदाच नापास व्हायचं. घसरायला जागाच ठेवायची नाही! मित्रांनो, तुम्ही पास होण्यासाठी जागरणं करता. इथे बाप्ये नापास होण्यासाठी घाम गाळत.

“सफरचंद, गालिचा...” वेंडेल छताकडे बघत म्हणे. “आणि... मॅडम, आज जेवायला काय आहे?”

उरलेले तीन त्यानं खुशाल गिळलेले असत. मला पाचही पाठ. पण मला तोंड नाही, नुसती जाळी आहे.

मग मार बसत गेले. दर वेळी वेंडेल डोलत उठे, परीक्षेला बसे, दोन शब्द सांगे. मॅडम म्हणत, “होतास तसाच आहेस. जा, खेळ.” ऑर्विलकाका माझ्या ओरखड्यावर नवा बगळा चिकटवत. ओरखडा झाकला की सगळे खूश.

एका उन्हाळ्यात, घरी जेवताना, त्याची बायको कोरीन हातातला डाव खाली ठेवून म्हणाली, “वेंडेल, हा विनोद तू सूप पिताना सांगितलास. पिरोगी वाढताना सांगितलास. आता पुन्हा?”

“चांगला आहे म्हणून.”

“पहिल्यांदाही चांगला नव्हता.” ती हसली नाही. “यंदा परीक्षा खरी दे. एकदाच.”

“अगं, मार्क वाढतील ना! पुढच्या वेळी लगेच पकडतील मला.”

“वाढू देत की. तेवढंच बघायचंय मला.”

त्या वर्षी वेंडेलनं छताकडे पाहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, “कंदील, खिळा, घोडा, लोणी, शिडी.” तो ओठांतल्या ओठांत घोकत राहिला. मग त्यांनी विचारलं.

“घोडा,” तो म्हणाला. “लोणी.” त्याची बोटं माझ्या जाळीत घट्ट रुतली. जेवणाची चौकशी झाली नाही. आत माझा नुसता आरडाओरडा चालला होता: अरे शिडी! खिळा! कंदील, माणसा, कंदील!

“दोन!” मॅडम खूश झाल्या. “नोविकी, तुझ्याइतका भरवशाचा माणूस नाही बघ. खेळायला मोकळा.”

वेंडेल उठला नाही. “मॅडम, मी दर वर्षी ढोंग करायचो.”

“सगळेच करतात रे,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

“आज नाही केलं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

त्यानंतर वेंडेल खेळला नाही. ऑर्विलकाकांनी निरोपाला मला त्याच्या हातात दिलं, तेव्हा मानेवरचे बगळे एकेक करून सोलून काढले. खाली कारखान्याची चिठ्ठी तशीच होती. काकांनी ती मोठ्यानं वाचली, आणि या वेळी वर नवा बगळा चिकटवला नाही.

आता कोरीननं मला ओसरीत उलटं टांगलंय आणि आत पेटुनियाची रोपं लावलीत. म्हणजे नशिबी पुन्हा उलटं जगच! मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. मला तडा गेला तर कारखाना दुसरं पाठवतो. पण कुणी तुम्हाला “लागलं का?” म्हणून विचारलं, तर लागलं असेल तेव्हा “लागलं” म्हणा. एवढं सांगायला कवच लागत नाही.

रोज सकाळी कोरीन वेंडेलला पाच शब्द सांगते आणि मला पाणी घालते. पाणी निथळलं की विचारते. काल त्याला तीन आले. उरलेले दोन मला येत होते, पण मला विचारतंय कोण!