वकीलबाई म्हणाल्या, बँडचं नाव घेऊ नका

चौकशीच्या कामकाजाची प्रत एकोणीस पानांची आहे. प्रत्येक पानावर शिक्का, शेवटच्या पानावर माझी सही. सही करण्याआधी वाचून बघा म्हणाले होते. मी वाचलं नाही. आता वाचतोय आणि पेन्सिलने दुरुस्त करतोय. हे काम मला कोणी सांगितलेलं नाही.

*पान ४. साक्षीदाराची तपासणी.*

*प्रश्न : अर्जदाराशी तुमची ओळख किती वर्षांची?*
*उत्तर : सव्वीस.*

अडतीस. सव्वीस वर्षं आम्ही कारखान्यात एका हॅमरवर, म्हणजे लाल लोखंड ठोकायच्या यंत्रावर होतो, एवढंच खरं. त्याआधी बारा वर्षं आम्ही ओळखत होतो, पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता : कुठे भेटलात? भेटलो रेकॉर्डच्या दुकानात. सोळा-सोळा वर्षांचे. त्या बँडची एकच रेकॉर्ड शिल्लक होती आणि तिच्यावर हात दोन पडले. तो म्हणाला, "मी आधी धरली." मी म्हणालो, "तू कव्हर धरलंस, आत काय आहे ते मी धरलंय." शेवटी निम्मे-निम्मे पैसे घातले. आठवडाभर त्याच्याकडे, आठवडाभर माझ्याकडे. दुकानदार म्हणाला, लग्न करा आता.

त्याला सगळे भोंगा म्हणतात. आवाजामुळे. ऐकू येत होतं तेव्हापासूनच.

बँडचं नाव इथे लिहीत नाही. वकीलबाईंनी बजावलं होतं की ते तोंडातून काढायचं नाही, आणि आता माझी जीभच वळत नाही. दोन शब्द आहेत. पहिल्याला ओठ मिटून उघडतात, दुसऱ्याला खालचा ओठ दाताखाली जातो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल. ब्रिटनमधल्या कुठल्याशा धुरकट गावातले ते पाच जण. त्यातले दोघे आधी लोखंडाच्या कारखान्यात होते, असं कव्हरच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं. आम्ही तेव्हा कारखाना आतून पाहिलाही नव्हता. पुढे नोकरी लागली. पहिल्याच दिवशी हॅमर खाली आला, पायाखालची जमीन उडाली आणि भोंगा माझ्या कानाशी ओरडला, "अरे, हे तर तिसरं गाणं!"

खरंच होतं ते. धाड. श्वास. धाड-धाड.

तो सांडशीत लाल लोखंड धरायचा, मी पायाने पेडल दाबायचो. हे प्रतीत नाही. हॅमर हा शब्द एकोणीस पानांत दोनदा आला आहे. मोजला मी.

*पान ५.*

*प्रश्न : आपण आणि अर्जदार फावल्या वेळात काय करता?*
*उत्तर : बसतो. बातम्या ऐकतो.*

वर्षातून एक दिवस असतो. ती पहिली रेकॉर्ड ज्या तारखेला निघाली, तो. त्या दिवशी दुपारी जेवण झालं की भोंग्याच्या घरी दुसरी बाजू लावायची. बावीस मिनिटं. बावीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, उठायचं नाही, दार वाजलं तरी उघडायचं नाही. एका वर्षी वहिनींचे वडील दारात उभे राहिले होते. वहिनी अजून ऐकवतात.

वहिनी म्हणजे भोंग्याची बायको. तिचं एकच म्हणणं, लग्नापासूनचं : "या आरडाओरड्याने कान जाणारेत तुमचे. लिहून ठेवा."

कान गेले. आधी पक्ष्यांचा आवाज गेला, मग दाराची घंटा, मग नातीचं बोलणं, मग सगळंच. कंपनीने घरी बसवलं. वहिनी म्हणाल्या, "मी सांगत नव्हते?" आणि भोंगा, जो आयुष्यात कुठल्या साहेबासमोर बसला नव्हता, त्याने अर्ज केला.

वकीलबाईंना वाटलं, भरपाईसाठी. त्यांनी हिशेब मांडायला कागद ओढला. भोंग्याने तो बाजूला सारला आणि त्याच्या आवाजात, म्हणजे शेजारच्या तीन खोल्यांना ऐकू जाईल असं, म्हणाला, "पैसे द्या, नाहीतर देऊ नका. मला लिहून पाहिजे की माझे कान हॅमरने घेतले. शिक्क्यासकट. घरी दाखवायचंय."

एवढंच. त्याला बँड निर्दोष सुटलेला हवा होता.

वकीलबाईंनी मला बाहेर गाठलं. म्हणाल्या, "कंपनी एकच गोष्ट सिद्ध करायला बघणार. हे घरी मोठ्याने गाणी ऐकतात. ते सिद्ध झालं की संपलं. तेव्हा बँड नाही, रेकॉर्ड नाहीत, काही नाही. त्यांना समजावाल?"

मी म्हणालो, समजावतो.

समजावलं नाही. समजावून तो ऐकणार नव्हता, दोन्ही अर्थांनी म्हणा हवं तर. "बँड वाचवायला बँडच नाकारायचा? डोकं फिरलंय का तुझं?" तो हेच बोलेल, ते मला तोंडपाठ होतं. म्हणून मी आणि वहिनींनी मिळून परस्पर ठरवलं. खोली रंगवायची आहे असं सांगून रेकॉर्ड माझ्या पलंगाखाली आणल्या. भिंतीवरचं पोस्टर काढलं. चौकशीत त्याच्या शेजारी बसून प्रश्न वहीत लिहून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहीन तेच त्याला कळणार होतं. मला ते सोपं वाटलं.

*पान ९. अर्जदाराची तपासणी. (प्रश्न लिहून दाखवण्यात आले.)*

*प्रश्न : आपण घरी मोठ्या आवाजात संगीत ऐकता का?*
*उत्तर : घरी बायको असते.*

इथे लोक हसले, ते प्रतीत नाही. चौकशी करणारे साहेबसुद्धा हसले. मी वहीत लिहिलं होतं : घरी काही मोठा आवाज असतो का? संगीत हा शब्द मी लिहिलाच नाही. वकीलबाईंनी माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, जमलं.

*प्रश्न : आपल्याला कोणता छंद आहे?*
*उत्तर : नातीला शाळेत सोडतो.*

मी लिहिलं होतं : रोज सकाळी काय करतोस?

*प्रश्न : गेल्या तीस वर्षांत आपण ध्वनिमुद्रिका विकत घेतल्या का?*
*उत्तर : दोन. एक मोडली.*

मी लिहिलं होतं : सायकली किती घेतल्या?

माझा हात सराईतासारखा चालत होता. सांगायला लाज वाटते, पण मजाही येत होती. सव्वीस वर्षांची सवय : तो सांडशी धरणार, मी पेडल दाबणार.

*पान ११.*

कंपनीच्या वकिलांनी एक मासिक पुढे केलं. कंपनीचंच घरगुती मासिक, एकवीस वर्षांपूर्वीचं. 'आमच्या कामगारांचे छंद'. पानभर फोटो : काळा टीशर्ट घातलेला भोंगा, मागे पोस्टर, पुढे पंख्यासारख्या मांडलेल्या रेकॉर्ड. डोळ्यांत तो भाव, नवऱ्या मुलाचा. वकिलांनी फोटो साहेबांना दिला. भोंग्याला तो दिसला नाही. साहेबांनी चष्मा वर केला आणि खालची ओळ मोठ्याने वाचली. बँडचं नाव.

ओठ मिटून उघडले. खालचा ओठ दाताखाली गेला.

भोंग्याला ओठांवरचं वाचता येत नाही. शिकवायला एक बाई यायच्या, दोन महिन्यांनी कंटाळून गेल्या. नातीचं नावसुद्धा त्याला ओठांवर ओळखता येत नाही. पण हे दोन शब्द ओळखता आले. साऱ्या जगातले हेच दोन.

तो उभा राहिला. चेहरा असा उजळला की मी आधी खाली बघितलं.

"हो!" खिडकीची काच थरथरली. "अडतीस वर्षं! साहेब, तुम्हीपण ऐकता?"

*(यानंतरची एक ओळ कोरी आहे. टाइप करणाऱ्या बाई थांबल्या असाव्यात.)*

 

साहेबांनी फोटो त्याच्याकडे फिरवला. भोंग्याने तो दोन्ही हातांनी धरला, बघितला, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. "हा यानेच काढलाय! माझ्यापेक्षा वेडा आहे हा. याला विचारा, दुसऱ्या बाजूचा सेकंद न् सेकंद पाठ आहे याला."

सगळे माझ्याकडे बघत होते. भोंगा तर असा बघत होता, जणू आता माझं लग्न जुळणार आहे.

*प्रश्न (साक्षीदारास) : हे खरे आहे काय?*
*उत्तर : मला आठवत नाही. या बँडचे नाव मी कधी ऐकलेले नाही.*

हे दुरुस्त करता येत नाही. शब्द न् शब्द बरोबर लिहिलंय.

भोंग्याला माझे ओठ हललेले दिसले. त्याने वहीकडे बोट केलं. काय म्हणालास? काय चाललंय? पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं :

साहेब म्हणतात, फोटो छान आलाय.

तो खूश होऊन बसला. साहेबांना त्याने मान लववली.

*पान १९. निष्कर्ष.*

*अर्जदाराचे श्रवणदोष हे दीर्घकाळ अतितीव्र संगीत ऐकण्याच्या वैयक्तिक सवयीमुळे उद्भवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. साक्षीदार विश्वासार्ह वाटत नाही. अर्ज फेटाळण्यात येतो.*

शिक्का आहे. त्याला शिक्का हवा होता.

ही प्रत त्यालाही गेली. एकोणीसच्या एकोणीस पानं. मग त्याचा निरोप नाही, काही नाही. वहिनी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊजी, दिवसभर वाचत बसतात. एक पान वाचतात, मागचं काढतात." मी विचारलं, काही बोलतो? "माझ्याशी बोलतात. तुमचं नाव काढत नाहीत." मग म्हणाल्या, "मी आता ते म्हणत नाही हं. कानांचं. एकदाही म्हटलं नाही. कागद आल्यापासून माझ्याच्याने म्हणवत नाही." आणि तिथेच, पिशवी हातात धरून, रडायला लागल्या.

मग ती तारीख आली.

मी पलंगाखालून रेकॉर्ड काढल्या, दोन पिशव्यांत भरल्या आणि जेवणानंतर त्याच्याकडे गेलो. दार वहिनींनी उघडलं आणि त्या आतल्या खोलीत निघून गेल्या. भिंतीवर पोस्टरच्या जागी फिकट चौकोन होता. रंगकाम झालंच नव्हतं. भोंगा खुर्चीवर. त्याने पिशव्या बघितल्या, मला बघितलं, आणि रेकॉर्ड प्लेअरकडे हनुवटी केली.

मी दुसरी बाजू लावली. आवाज पूर्ण. तो खुर्ची ओढून स्पीकरला टेकून बसला आणि लाकडी खोक्यावर पंजा पसरून ठेवला. डोळे मिटले. नियम नियम असतो. मीही मिटले.

पहिलं गाणं. दुसरं. तिसरं : धाड. श्वास. धाड-धाड. गिटार वर चढली, गायकाची ती लांब किंकाळी, मग चौथं, संथ, पावलं ओढत जाणारं. तिथे मला नेहमी वाटतं की कोणीतरी शिफ्ट संपवून घरी चाललंय. मग शेवटचं सुरू झालं. मी मनात मोजत होतो. अजून तीन मिनिटं. अजून दोन.

"संपली," भोंगा म्हणाला.

मी डोळे उघडले. त्याचा हात खोक्यावर नव्हता, मांडीवर होता. सुई आतल्या कड्याला लागली होती, रेकॉर्ड नुसती फिरत होती. घड्याळात बघितलं.

"केव्हाची संपली," तो म्हणाला. "मी बघतोय तुझ्याकडे. मान डोलावतोस."

मी ऐकत होतो. शेवटचं गाणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. अजूनही येतंय.

भोंग्याने वही घेतली. तीच वही, चौकशीतली. त्याला ऐकू येत नाही, मला येतं, तेव्हा लिहिण्याचं काम माझं. पण लिहिलं त्याने.

*कंपनीत तुझ्या कानांची तपासणी कधी?*

मी लिहिलं : पुढच्या महिन्यात.

*तुला विचारतील. घरी काय ऐकता. काय सांगशील?*

मी पेन धरून बसलो. बातम्या ऐकतो असं लिहिलं तर माझे कान हॅमरने घेतले असं कदाचित लिहून मिळेल. त्याला हवा होता तो कागद, माझ्या नावाचा. बँड सुटेल. खरं लिहिलं तर दुसऱ्यांदा तोच निष्कर्ष, तोच शिक्का. त्याला यातलं काय हवंय ते त्याच्या चेहऱ्यावर वाचता येईना. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

मी दोन शब्द लिहिले. मोठ्या अक्षरांत, पानभर. मग खाली, बारीक : आणि रोज आठ तास हॅमर. सव्वीस वर्षं. हे मला कोणी विचारलं नाही.

त्याने वाचलं. परत वाचलं. मग पान वहीतून फाडलं, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.

"सही कर म्हणणार होतो," तो म्हणाला. सबंध इमारतीला ऐकू गेलं असेल. "पण तुझ्या सहीचं काय सांगावं. कागद माझ्याकडे राहू दे. उद्या म्हणशील, ऐकलंच नाही कधी."

हसला नाही. उठला, सुई उचलून ठेवली आणि दार उघडून उभा राहिला.