हेमावतीचा मोर

"आजपासून हा कारखाना स्वतंत्र झाला," ऋतुजाने जाहीर केलं. "आता कुठल्याच कंपनीची गुलामगिरी नाही."

या ऐतिहासिक क्षणी कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारा राजशेखर टेबलाखाली होता. नव्या युगाची पिन ढिली होती.

ऋतुजा मालकांची मुलगी. पुण्याहून शिकून आली आणि अक्कलकोट रोडवरच्या या चादरींच्या कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर तिने विंडोजवरून लिनक्सवर नेले. राजशेखरने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम मात्र डॉटनेटमधला, म्हणजे विंडोजच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. चादरीवर नक्षी उठावी म्हणून मागावरच्या पुठ्ठ्यांना भोकं कुठे पाडायची ते तो चित्र पाहून सांगायचा. वीस वर्षांतल्या दोनशे नक्ष्या फक्त त्यातच उघडत. त्यांतला मोर राजशेखरच्या बायकोने, हेमावतीने, चौकटीच्या वहीत एकेक घर भरून काढला होता. पुढे वही वाळवीने नेली आणि हेमावती काविळीने.

"शनिवारपर्यंत चालला तर ठेवू, काका. नाहीतर सगळंच पुसून टाकू," ऋतुजा म्हणाली होती. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. जुन्या खुर्च्यांबद्दलही ती असंच बोलायची.

डॉटनेटचं लिनक्सला समजावून सांगणारा मोनो नावाचा एक दुभाष्या फुकट मिळतो. घरात कन्नड, गल्लीत तेलुगू आणि बँकेत मराठी बोलणाऱ्या राजशेखरला दुभाष्याचं काय कौतुक. पण हा रोज नवी तक्रार सांगे, आणि तीही इंग्रजीत.

"अण्णा, मोर अंडी घालतोय का काय?" माग दुरुस्त करणारा बसप्पा दारातून विचारायचा. "लई दिस झालं की."

"बसलाय. उठंल."

शनिवारी दुपारी चूक सापडली. ती राजशेखरचीच होती. प्रोग्रॅम सुरू झाला की आधी डी ड्राइव्हवर 'हेमा' नावाचा फोल्डर शोधायचा. हौसेने एकोणचाळीस जागी त्याने तसं लिहून ठेवलं होतं. लिनक्समध्ये डी ड्राइव्ह नसतोच. घर पडून गेलं तरी बिचारा प्रोग्रॅम त्याच दारात उभा राहून हाका मारत होता. राजशेखरने एकोणचाळीस जागी पत्ता बदलला. नाव तेच ठेवलं.

मोर उघडला. पिसाऱ्यातलं एक घर रिकामं होतं. ते भरताना दूध उतू गेलं, हेमावती उठली, आणि राहूनच गेलं. लिनक्सनेही ते इमानाने रिकामं ठेवलं होतं.

"वैनींचा न्हवं ह्यो?" बसप्पा हळूच म्हणाला.

"व्हय."

तेवढ्यात ऋतुजा मोबाइल घेऊन आली. "भारी, काका. आता एकेक डिझाइन उघडा, मी स्क्रीनचे फोटो काढते. नवीन मशीन घ्यायचं कालच ठरलं. ते फोटोवरूनच भोकं पाडतं. मग तुमचा प्रोग्रॅम काढून टाकला तरी चालेल."

राजशेखरने पिसाऱ्यावर बोट ठेवलं. "हे एक घर रिकामं आहे."

"ते मशीन आपोआप भरतं."

राजशेखरने बोट तिथून हलवलं नाही.

"काका, जरा बाजूला सरका ना," ऋतुजा म्हणाली. "काचेत तुम्ही दिसताय."