वाक्य संपलं की टक

टक.

पुन्हा तोच आवाज. मी हेडफोन कानांवर दाबले. काचेपलीकडे बाई वाचत होत्या. वाक्य चालू असताना काही नाही. ते संपलं की टक.

अंध विद्यार्थ्यांसाठी आम्ही पुस्तकं रेकॉर्ड करतो. बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, आणि या वाचनात त्यांचा सगळा जीव. मी तीस वर्षं रेकॉर्डिंगच्या खुर्चीत. शेजारच्या खोलीत कुणी पेन ठेवलं तरी मला ऐकू येतं अशी माझी ख्याती, आणि ती पसरवणाराही मीच.

तीन दिवसांत मी वायरी बदलल्या, माईक बदलला, बाईंची खुर्चीसुद्धा बदलली. आवाज जाईना. सहकारी म्हणाली, "मला काहीच ऐकू येत नाही. पडद्यावरची आवाजाची रेघही तिथे सपाट आहे."

"तुझे कान कच्चे आहेत अजून," मी म्हणालो. मग माझं लक्ष बाईंच्या कवळीकडे गेलं. झालं, चोर सापडला!

"बाई, तुमची कवळी वाजतेय."

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मला नाही हो ऐकू येत. पण तुम्ही म्हणता म्हणजे असेलच."

दुसऱ्या दिवशी कवळी घट्ट बसवून आल्या. तरी टक. माझं डोकंच फिरलं. तसं ते आठवडाभर दुखतच होतं. कानशिलं ठणकायची, सकाळी उजवा कान दडा बसल्यासारखा व्हायचा. हा आवाजच माझा जीव घेतोय, असं मी धरून चाललो होतो. तावातावाने साहेबांना चिठ्ठी लिहिली, वाचक बदला. त्यांनी सोमवारपासून दुसरा वाचक ठरवूनही टाकला.

बाईंना हे कळलं. शुक्रवारी आल्या, पाठ वळवून कवळी काढली आणि डबी मला दिसेल अशी टेबलावर ठेवली. "आता ऐका," म्हणाल्या. गाल आत गेले होते, शब्द ओठांतून निसटत होते. जन्मभर वर्गाला धाकात ठेवणारी बाई माझ्यासमोर बोळक्या तोंडाने वाचत होती. पहिलं वाक्य संपलं.

टक.

बरं वाटत नाही असं काहीतरी पुटपुटून मी तिथून पळ काढला.

घरी जांभई आली आणि तोंड अर्ध्यावरच अडकलं. बायको म्हणाली, "झोपेत दात खाता, जेवताना जबडा कटकट वाजतो. दहादा सांगितलं. आता तरी दाखवा!"

तिनेच मला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तोंड उघडताना माझा जबडा उजवीकडे वाकडा जात होता. तीन बोटं मावायला हवीत तिथे जेमतेम दोन गेली. दात झिजून सपाट झालेले. डॉक्टरांनी गाल दाबला तशी मी "आई गं" केलं. मग त्यांनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली.

"दात घट्ट दाबा. आता सोडा."

टक.

"हाच!" मी ओरडलो. "रेकॉर्डिंगमधला आवाज!"

"जबड्याचा सांधा आहे हा. कानाला अगदी खेटून. लक्ष देऊन ऐकताना दात आवळता का?"

आवळायचो. चूक पकडायची म्हणून बाईंचं प्रत्येक वाक्य दात आवळून ऐकायचो, आणि ते संपलं की सोडायचो.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून."

शनिवारी ऑफिस उघडायच्या आधीच साहेबांच्या दारात उभा राहिलो. चिठ्ठी परत मागितली, कारण सांगितलं. त्यांनी ती फाडली. "आता तुमच्या कानांवर कितपत विसंबायचं, तेही बघायला हवं," म्हणाले.

बाई खुर्चीवरची आपली उशी न्यायला आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी उशी काखेत धरली.

"तोंड उघडा बघू," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या.

मी उघडलं. टक. त्यांनी माझ्या गालाजवळ कान आणला होता.

"मला नाही हो ऐकू येत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणता म्हणजे असेलच."

आणि उशी पुन्हा खुर्चीवर ठेवली.